आखूड बाही

नवरा गेल्यापासून लायब्ररीतल्या मॅडमचा एकच युनिफॉर्म, त्याच्यासारखा राखाडी शर्ट. जुने विरले की त्याच्याच शर्टावरून नवे पाच शिवून घ्यायच्या. यंदा म्हाताऱ्या टेलरनं दुकान मुलीकडे सोपवलेलं. तिनं हौसेनं शर्ट पुढे केले. “काकू, मापाच्या शर्टाची डावी बाही दोन बोटं आखूड होती. बाबांना कसं दिसलं नाही, देव जाणे. मी पाचही शर्टांच्या बाह्या सारख्या केल्या.” नवरा होता तेव्हा रस्ता ओलांडताना मॅडम घाबरून त्याची डावी बाही पकडायच्या. इस्त्री मोडते म्हणून कुरकुरून शेवटी त्यानं ती बाही आखूडच शिवून घेतली. म्हणाला, “आता मनगट धर.” “बरं केलंस गं,” मॅडम म्हणाल्या आणि नवा शर्ट घालूनच बाहेर पडल्या. सिग्नलपाशी त्यांनी डावी बाही दोन बोटं दुमडली. पलीकडे पोचेपर्यंत स्वतःचं मनगट सोडलं नाही.