शेठजींचे स्पीकर

"एवढं ठासू नका, शेठजी. सैल भरा, न्हाई तर आवाज घुसमटतो," मच्छिंद्र म्हणाला.

कन्हैयालाल शेठजींनी सागवानी डब्यातला मूठभर कापूस निमूटपणे बाहेर काढला. नवीन जालन्यातलं बियाण्यांचं दुकान मुलाच्या हवाली करून गेली तीन वर्षं ते हाच उद्योग करत होते. स्पीकर बांधायचे, ऐकायचे, खोलायचे, पुन्हा बांधायचे. जाफराबादहून एसटीनं येणारा रेडिओवाला मच्छिंद्र आता घरचाच झाला होता.

सगळा खटाटोप एका कॅसेटपायी. त्र्याण्णव साली, वारण्याच्या महिनाभर आधी, बायको लाडबाईंनी ती शेठजींच्या हातात ठेवली. "माझ्या माहेरचं गाणं आहे. ऐकत जा," एवढंच बोलल्या. कुणी बाई गात होती. काय आवाज होता! पण दुसऱ्या कडव्यात नुसती घरघर व्हायची आणि गाणं तुटायचं. बायकोच्या मागं घर खायला उठायचं, तेव्हा शेठजींना त्या अर्ध्या गाण्याचाच आधार होता.

"ह्या बाईला समोर बसवून अख्खं गाणं ऐकायचंय, मच्छिंद्र. मंग कान गेले तरी चालतील." उजवा कान गेल्यात जमा होता. डाव्याची हमी डॉक्टर देत नव्हते.

"पण हुडकता कुठं? शेठाणीबाईंच्या माहेरचा नागौर जिल्हा काय एवढासा हाय?"

"आवाज साफ झाला की पत्ता लागंल. बराबर लागंल."

तसा तो लागतही होता. खर्जाचा मोठा वूफर बसवला तेव्हा गाण्यामागून आगगाडी धडधडत गेली. म्हणजे घर स्टेशनजवळ. तारेची कॉइल स्वतः गुंडाळून बसवली, तेव्हा कबुतरं फडफडली. म्हणजे घराला चौक. त्या घरघरीत कुणी पुरुष खाकरतोय, हे तर परवाच कळलं. "ह्या मेल्यानंच गाणं तोडलं!" शेठजी त्याच्यावर मनापासून चिडून होते.

सोमवारचं नागौरचं तिकीट काढून झालं होतं. मुलगा कुरकुरत होता, ह्या वयात कुठं जाता म्हणून. सून चंदनबाई त्या घरच्या रिवाजानं चौदा वर्षं सासऱ्यापुढं तोंडावर पदर ओढून गप्प. तिचं मत कोण विचारतो? शेठजी कुणाचं ऐकणार नव्हते. फक्त त्या बाईचं गाव कळायचं बाकी होतं.

मच्छिंद्रनं मुंबईहून मागवलेला, बारीक आवाज उमटवणारा ट्वीटर बसवला, स्क्रू आवळले आणि हात पुसले.

"लावा आता."

गाणं सुरू झालं. शेठजींचे डोळे भरून आले. बाई जणू चार हातांवर येऊन बसली होती, कडव्याआधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. दुसरं कडवं आलं. गाडी गेली, कबुतरं उडाली. तो माणूस खाकरला. शेठजी डावा कान पुढं करून वाकले, आणि तीन वर्षांच्या घरघरीतून पहिल्यांदा शब्द सुटे झाले.

"अगं, माझा चष्मा कुठं ठेवला?"

मच्छिंद्रनं चमकून शेठजींकडं पाहिलं. आवाज त्यांचाच होता.

"आले, आले," माईकला अगदी खेटून लाडबाई म्हणाल्या. मग हळूच, "बस कर, सूनबाई. उठले हे. राहिलेलं मागून म्हण."