सहादेवांचं तेल

सहादेवांच्या तेलाला बाजूच्या विंगमधूनही मागणी यायला लागली, तेव्हा स्नेहलला हसू आवरेना. रविवारची सकाळ होती. जेसल पार्कमधल्या त्यांच्या छोट्या फ्लॅटमध्ये ब्राह्मी, माका आणि जास्वंदीचा वास असा भरला होता की पोह्यांनाही तो लागला होता. सासरे, म्हणजे सहादेव, गॅससमोर उभे राहून मोठ्या कढईतलं तेल ढवळत होते. दाराशी शेजाऱ्यांच्या रिकाम्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. तिचा नवरा उदय हसू लपवायला बाथरूममध्ये जाऊन बसला होता.

सगळं संचितावरून सुरू झालं होतं. नऊ वर्षांची त्यांची मुलगी म्हणजे वारं. जेवता जेवता उठायची, बोलता बोलता विसरायची, एका पायात बूट घालून दुसरा शोधत थेट गच्चीवर पोचायची. शाळेतून सारखं बोलावणं यायचं. परीक्षेत येत असलेलं उत्तर अर्ध्यावर सोडून खिडकीतली कबुतरं बघत बसायची, आणि घरी आल्यावर स्वतःवरच चिडून रडायची. बाकी सगळं स्नेहल सोसत होती. ते रडणं तिला बघवत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. शाळेकडून माहिती मागवली, संचिताशी पुन्हा पुन्हा बोलल्या, घरच्या सवयी बदलून बघायला लावल्या. मग म्हणाल्या, हा लक्ष टिकवण्याचा त्रास आहे, एडीएचडी म्हणतात त्याला. आता जोडीला गोळी देऊन बघू. उदयने आधी साफ नाही म्हटलं. मग बरंच वाचलं, बाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि शेवटी हो म्हटलं. अडले ते सहादेव.

सहादेव म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी रत्नागिरीकडच्या गाड्यांवर गेलेली, त्यामुळे आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. तो त्यांनी लावला. पोर धावणार नाय तर काय म्हातारे धावणार, असं विचारलं. चांगल्या हसत्या पोरीची बाहुली करायची आहे काय, असंही विचारलं. या घरात गोळी आली तर आपण गावी निघालो, हे तर खाली वॉचमनलाही ऐकू गेलं. त्यापेक्षा डोक्याला ब्राह्मीचं तेल चोळू, असा त्यांनी निकाल दिला.

मग नवराबायकोने मधला रस्ता काढला. तेलही लावायचं, गोळीही द्यायची, आणि गोळीचं बाबांना कळू द्यायचं नाही. सहादेव सकाळी खाडीकडे फिरायला गेले की शेवयांच्या डब्यातून पाकीट बाहेर यायचं. संचिताला गुपित सांगून ठेवलं होतं. एरवी जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, तिने घरात चकार शब्द काढला नाही.

काही आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी, संचिता आजोबांबरोबर कॅरमचा अख्खा डाव खेळली. मध्येच उठली नाही. सोंगट्या भिरकावल्या नाहीत. वर राणीही तिनेच घेतली. सहादेवांनी तिला मांडीवर ओढून घेतलं, दोघांची बराच वेळ काहीतरी कुजबुज चालली. मग ते बाल्कनीत गेले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तेलाचा विजय जाहीर केला.

तेव्हापासून धमाल उडाली होती. वरचे शहाअंकल ‘मेरे पोते के लिए भी’ म्हणत आले. कुणाला टकलावर लावायचं होतं, कुणाला गुडघ्याला. सोसायटीच्या ग्रुपवर कढईचा फोटो फिरला. सहादेव प्रत्येकाला जिन्यात गाठून तेलाचे गुण सांगत, आणि स्नेहल-उदय स्वयंपाकघरात एकमेकांच्या तोंडावर हात दाबून हसत.

त्या रविवारी खालच्या मजल्यावरची मनाली बाटली घेऊन आली. तिच्या सूरजचंही संचितासारखंच होतं. त्याचं रडणं जिन्यातून वर ऐकू यायचं. शाळेने सांगितलं म्हणून मनालीने डॉक्टरची वेळ घेतली होती, ती आता रद्द करून ती हसत हसत आली होती. काकांचं तेल असताना पोराला गोळ्या कशाला, असं म्हणाली.

स्नेहलचं हसू मावळलं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. मग दार लोटून घेतलं आणि एका दमात बोलून टाकलं.

“मनाली, तेलाने नाही झालं. संचिताला गोळी चालू आहे.”

झारा थांबला. उदय बाथरूममधून बाहेर आला आणि तिथेच खांबासारखा उभा राहिला. सासरे आता गावची बॅग काढणार, असं धरून स्नेहल बोलत सुटली. डॉक्टर, तपासण्या, शेवयांचा डबा, सगळं सांगून टाकलं. गोळीने जादू होत नाही, भूक थोडी कमी होते, बाई दर वेळी वजन बघतात, हेही सांगितलं.

सहादेवांनी गॅस बंद केला. मनालीच्या बाटलीत फनेल ठेवून कालचं गाळून निवलेलं तेल न सांडता ओतलं, झाकण घट्ट लावलं. मग मोठ्या माणसांसमोर पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले की कॅरमच्या दिवशीच पोरीने आपल्या कानात सगळं सांगितलं होतं.

स्नेहलला काही कळेना. गोळीचं माहीत होतं, तर मग हा तेलाचा बाजार कशासाठी?

सहादेवांनी बाटली मनालीच्या हातात दिली.

“डॉक्टरची वेळ परत घे. आणि तेल पण ने गो. सूरज कशाने सुधारला म्हणून लोक विचारतील, तेव्हा तेलाचं नाव सांगायला लागेल.”