भारवाहीची मंजुरी

"हे असं सहज मंजूर होणार नाही, आई," सून म्हणाली आणि मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

बाईंनी चष्मा काढला की भल्याभल्यांना घाम फुटायचा, हा शाळेतला अनुभव. मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, सवय काही निवृत्त झाली नाही. सुनेला मात्र घाम फुटला नाही. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर खेळ मांडला की तिचं राज्य असतं. ती सूत्रधार. गोष्ट ती सांगणार, बाकीच्यांनी आपापलं पात्र होऊन त्या गोष्टीत शिरायचं आणि लढाई जुंपली की फासे टाकायचे.

बाईंची जादूगारीण मागच्या रविवारी दरीत कोसळून मेली. नवं पात्र त्यांनी खेळाच्या नेहमीच्या नियमपुस्तकातून न घेता जादा पुस्तकातून शोधून आणलं होतं, आणि जादा पुस्तकातलं काहीही घ्यायचं म्हणजे सूत्रधाराची मंजुरी लागते. पात्राचं नाव भारवाही. साथीदाराला झालेली जखम तो स्वतःच्या अंगावर ओढून घेतो.

शेजारचे दंतवैद्य खूश झाले. या टेबलावर ते चोर असतात. जखमा दुसऱ्याने घ्यायच्या आणि तिजोऱ्या आपण फोडायच्या, याहून बरी वाटणी कुठली, असं म्हणून त्यांनी आपलं मत देऊनही टाकलं. बाईंचा मुलगाही खेळात होता. तो भालाईत. हातातला फासा नुसता फिरवत बसला होता.

या मंडळींची एक रीत होती. जादा पुस्तकातलं पात्र आणलं, तर त्याला काय काय येतं हे सांगायचं नाही. काय येत नाही ते सांगायचं. गुणगान पुस्तकात असतंच. सुनेने रीतीप्रमाणे विचारलं. भारवाहीला हत्यार चालवता येत नाही, बाई म्हणाल्या, घोड्यावर बसता येत नाही, आणि स्वतःची जखम दुसऱ्याला देता येत नाही.

"आणि गप्प बसता येत नाही," मुलगा म्हणाला.

गेल्या महिन्यात त्याच्या साहेबांनी त्याला चारचौघांत झापलं होतं. बाईंच्या कानावर आलं तसा त्यांनी सरळ साहेबांनाच फोन लावला, आणि माझा मुलगा शाळेत असल्यापासून प्रामाणिक आहे इथून सुरुवात केली. चाळिशीतला माणूस तो. त्यानंतर ऑफिसात त्याला तोंड वर करायची सोय राहिली नाही. तेव्हापासून तो आईशी कामापुरतं बोलत होता आणि बाई आतल्या आत झुरत होत्या. घरात तो जवळ येऊ देत नाही, तर निदान खेळात तरी त्याच्यापुढे उभं राहावं, एवढ्यासाठी त्यांनी भारवाही हुडकून काढला होता. आता ते सगळ्यांना कळलं. दंतवैद्यांनासुद्धा, आणि त्यांच्या ध्यानात सहसा काही येत नाही.

सुनेने जादा पुस्तक मिटलं.

"मंजूर करते. पण एक अट आहे. जखम घ्यायच्या आधी विचारायचं. ज्याला लागलंय तो हो म्हणाला तरच घ्यायची."

"अगं, लागलेल्या माणसाला कोणी विचारत बसतं का?"

"माझ्या टेबलावर विचारतात, आई."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. शाळेत हा सूर बाईंचा असायचा. त्यांना राग आला आणि त्याच दमात सुनेचं कौतुकही वाटलं. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि अट मान्य केली.

गोष्ट सुरू झाली. खिंडीत दरोडेखोरांनी गाठलं. चोर तत्परतेने खडकामागे गेला आणि भालाईत एकटा पुढे सापडला. सुनेने दरोडेखोरांच्या वतीने फासा टाकला. आकडा मोठा पडला, कुऱ्हाड थेट खांद्यात बसली. आता मुलाने फासा टाकायचा. चांगला पडला तर वाचेल, नाहीतर भालाईत संपला. किंवा मग भारवाही होताच.

बाईंचा हात केव्हाच पुढे गेला होता. तो त्यांनी अर्ध्यावर थांबवला. जड गेलं त्यांना ते.

"घेऊ का रे?"

मुलाने वर बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्याने आईकडे असं सरळ बघितलं होतं. त्याला हसू येत होतं की रडू, ते दंतवैद्यांना काही ठरवता आलं नाही.

"नको, आई. माझं मी बघतो."

बाईंनी हात मागे घेतला आणि मांडीवर दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. मुलाने फासा टाकला. तो घरंगळत पार टेबलाच्या कडेला गेला आणि तिथे थांबला. दंतवैद्य उठून बघून आले. भालाईत जेमतेम, पण वाचला होता.

"बघितलंस?" मुलगा आईला म्हणाला आणि मोकळेपणी हसला.

बाईंनी मान हलवली. मग सुनेकडे वळून त्या पुन्हा मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "नोंद करून ठेव गं. मी विचारलं होतं."