रबरबँड लावलेली पुस्तकं

शेल्फावरच्या एकाही पुस्तकाला रबरबँड नव्हता. पाठीवरचं दप्तर न उतरवताच भाचीने वरचा कप्पा पाहिला, मग खालचा. एकालाही नाही. सगळे रबरबँड काउंटरवर पेनांच्या डब्यात गोळा करून ठेवले होते आणि आत्या खिडकीशी खुर्ची ओढून वाचत बसली होती. म्हणजे सहलीची तयारी चाललीय, ठरलं. आत्या निघाली!

तिला ओरडावंसं वाटलं. तशी ती रोजच ओरडायची, पण आज कारण होतं.

आत्या ज्या कंपनीत होती, ती गाण्यांच्या मागे हिंडणाऱ्या लोकांना सहलीला न्यायची. समुद्रापलीकडे, जॅझ आणि ब्लूज जिथे जन्मले त्या गावांना. तिकिटं आणि हॉटेलं मालक बघायचे. निघण्याआधी काय वाचायचं ते आत्या सांगायची. लोक आल्या आल्या जॅझचा जाडजूड इतिहास मागत. आत्या तो देत नसे. आधी ब्लूज, म्हणायची, थोरलीला ओलांडून धाकटीशी ओळख करून घ्यायची नसते. म्हणून पहिलं पुस्तक कापसाच्या शेतात गाणाऱ्यांचं. मग तंबू घेऊन गावोगाव गात फिरलेल्या बायकांचं. मग नदीकाठच्या त्या बंदराचं, जिथे मेलेल्या माणसाला पोचवताना रडकं वाजवतात आणि परतताना नाचत येतात. जाडजूड इतिहास विमानात वाचा, झोप छान लागते, असं ती तोंड अगदी सरळ ठेवून सांगायची.

आणि एक नियम होता. शेवटचं प्रकरण इथे वाचायचं नाही. ते तिथे जाऊन वाचायचं, एखाद्या पायरीवर बसून, आत वाद्यं चालू असताना. त्यासाठी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानांना आत्या रबरबँड लावून देई. परत आलेली माणसं तो काउंटरवर ठेवून सांगत, हा मी नदीच्या धक्क्यावर काढला, हा एका बारच्या दारात, जागाच नव्हती हो बसायला. आत्या मान एका बाजूला झुकवून, त्यांच्या ओठांकडे बघत ऐकत राही. मग पुस्तक नाकाशी नेऊन खोल वास घेई.

आत्याने स्वतः यातल्या एकाही पुस्तकाचा शेवट वाचला नव्हता. आधी आजोबांचं अंथरूण, मग काउंटर सांभाळायला दुसरं कोणी नाही. यंदा मात्र मालकांनी सहलीत तिची जागा धरली होती. सहल शाळेच्या सुट्टीत निघणार होती.

पुतळीसारखं गप्प बसणं भाचीला कधी जमलंच नव्हतं. घरात तिचं नाव कर्णा. दादाने ठेवलेलं. आई म्हणायची हळू बोल, बाबा म्हणायचे हळू बोल, शेजारचे भिंतीवर ठोकायचे. या वर्षी शाळेच्या स्पर्धेत माइक बंद पडला, तेव्हा तिने माइकशिवाय भाषण करून मागच्या रांगेला हसवलं आणि बक्षीस आणलं. तेव्हापासून तिने आपल्या आवाजाची लाज सोडली होती. पण आत्याने त्याच्याही आधी, कधीच तिला हळू म्हटलं नव्हतं. उलट म्हणायची, बोल गं, मोकळ्या गळ्याने बोल. म्हणून तर शाळा सुटली की ती घरी न जाता इथे यायची.

बॅग कुठली नेणार, गरम कपडे घेतलेस का, असं सगळं एका दमात विचारत ती खिडकीशी पोचली आणि थांबली. आत्याच्या मांडीवरचं पुस्तक शेवटाकडे उघडलेलं होतं.

"आत्या, हे तर शेवटचं प्रकरण आहे."

"हो. बाकीच्या पुस्तकांची वाचून झाली. एवढं एकच राहिलंय."

मग आत्याने सांगितलं. उजवा कान केव्हाच गेला होता. आता डावाही निघालाय. मशीन लावून माणसांचं बोलणं थोडंफार कळेल, गाणं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"आधी ट्रम्पेट गेला," आत्या म्हणाली. "मग गाणाऱ्या बायका गेल्या. आता ढोल तेवढा उरलाय. तिथे जाऊन काय लोकांची हलणारी तोंडं बघत बसू? माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या, असं सांगणार आहे आज मालकांना."

ती झुकलेली मान. नेहमी डाव्याच कानाला लागणारा फोन. भिंती हलवणारी रेकॉर्ड, जी आत्या मजेत लावते असं तिला वाटायचं.

"मग माझं बोलणं?"

"तुझंच तेवढं कळतं. अगदी सगळं."

तिला वाईट वाटलं. आत्याला आपला आवाज आवडतो, असं ती धरून चालली होती. तो नुसता पोचत होता. मग तिला वाटलं, पोचतो हे काय थोडं झालं? घरात सगळ्यांचे कान धडधाकट होते आणि ती बोलायला लागली की सगळे दारं लावून घेत होते.

तिने आत्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. शेवटच्या प्रकरणाची जेमतेम दोन पानं उलटली होती. तिने वेणीचा रबरबँड ओढून काढला आणि उरलेल्या पानांवर चढवला. केस तोंडावर आले, ते तिने तसेच राहू दिले.

"उरलेलं तिथे. मी वाचून दाखवीन. ट्रम्पेट कुठे चढला, बाई कुठे अडखळली, तेही सांगीन."

आणि केबिनच्या बंद दाराकडे वळून, माइक बंद पडला होता त्या दिवशीच्या आवाजात तिने मालकांना कळवलं की आत्याची जागा हलवायची नाही, तिच्या शेजारची खुर्ची भाचीची आहे, आणि बाबांना ती स्वतः पटवणार आहे.

तिकिटं घ्यायला आलेलं जोडपं वळून बघायला लागलं. मालकांनी दार उघडून डोकं बाहेर काढलं. आत्या लाल झाली, पार कानांच्या पाळ्यांपर्यंत.

"अगं," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली, "हळू बोल."