दोन देशांचा युरिया

टेबलावर बारा पुड्या होत्या. प्रत्येकीत पन्नास ग्रॅम युरिया. अकरा पुड्यांवर बाबांच्या अक्षरात नावं, बारावीवर माधवीच्या अक्षरात: सुलाबाई.

"मोजून घे," बाबा म्हणाले. तिचे बाबा, धम्मानंद गुरुजी, शाळेतून निवृत्त होऊन पिंगळीच्या कापूस गटाचे सचिव झाले होते. "अकरा घरं मी फिरलो. सुलाबाईचा नमुना तेवढा तू काढलास ते बरं. उगाच माझ्यावर बोल नको."

एम.एस्सी.ला माधवीने दोन देशांचा युरिया ताडून पाहिला होता. भारतातला बहुतेक नैसर्गिक वायूपासून होतो, चीनमधला बहुतेक कोळशापासून. कोळशाच्या युरियात टनामागे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ दुप्पट. वायूच्या युरियावर वाढलेल्या कापसाला सेलूचा व्यापारी जादा भाव देणार होता. ज्याचं पोतं कोळशाचं निघेल, तो गटाबाहेर.

"पोत्यावरचं छापील नाव बदलता येतं," माधवीने बैठकीत सांगितलं होतं. "आतला कार्बन बदलता येत नाही."

तेव्हा सगळ्यांनी सुलाबाईकडे पाहिलं होतं. अकरा जणांनी गटाच्या दुकानातून पोती घेतली होती. तिने एकटीने परभणीहून आणली होती.

काल नमुना काढायला माधवी तिच्याकडे गेली, तेव्हा सुलाबाई वैरण तोडत होती.

"आत्या, काही असेल तर आताच सांगा."

"सांगायचं काय? ते बघ पोतं, घाल हात. पर तुह्या यंत्राला लबाडी कळती का?"

"कळते. एकाच कारखान्याची दोन पोती घेतली तरी दशांशात फरक पडतो. आकडा तंतोतंत जुळला, तर पोतंच एक."

"लय हुशार हाय की! मग त्याला इचार, तुह्या बापानं परवा माह्या पोत्यातून डबाभर नेलं, ते कवा परत द्यायलाय? कुंडीतल्या झाडाला म्हणला. तीन कुंड्या हायत तुमच्या दारात!"

माधवी हसली होती.

आता तिने पुड्या खोक्यात रचल्या. "बाबा, आत्याचं कोळशाचं निघालं तर?"

"तर नाव कापायचं. आकडा येईल तसा लिहायचा, कुणाचं तोंड बघून नाही. लहानपणापासून हेच शिकवलं ना तुला?" त्यांनी खोक्याला सुतळी बांधली. "ती वाचली तर मलाही आनंदच आहे."

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. माधवी विद्यापीठात होती. कार्बनच्या जड-हलक्या अणूंच्या मोजणीत वायूचा युरिया उणे चाळिसाच्या आसपास येतो, कोळशाचा उणे पंचविसाच्या. तिने आधी बारावी ओळ शोधली. सुलाबाई, उणे ४१.३. वायूचा.

तिने तिथूनच फोन लावला.

"आत्या, तुम्ही पास!"

"मला ठावं होतं. बाकीच्यांचं काय?"

"बघते."

माधवीने वरून वाचायला सुरुवात केली. बन्सीधर, उणे ४१.३. सटवाजी, उणे ४१.३. ती खाली सरकत गेली. अकरावी ओळ बाबांची होती.

धम्मानंद, उणे ४१.३.

बाराही पुड्या, उणे ४१.३.