गोमींचं खाणं

रेवाकडे कायमचं राहायला निघालेला निषाद बॅग खांद्याला अडकवून दारात थांबला होता.

"गोमींना रोज झुरळंच घालू नकोस. मधूनमधून नाकतोडा, कधी अंड्याचा बलक. बदल लागतो त्यांना."

"मग घेऊन जा की बरोबर," केतकी म्हणाली.

"रेवा घाबरते त्यांना."

त्याने हौसेने पाळलेल्या गोमींच्या पेटीत लग्न झाल्यापासून केतकीच चिमट्याने किडे सोडत आली होती. दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा, पण नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून ती अवाक्षर बोलली नव्हती.

"मीही घाबरते," ती म्हणाली.

"तू?" निषाद हसला. "काहीतरीच काय." आणि तो लिफ्टमध्ये शिरला.

गोमी सकाळपासून उपाशी होत्या. ऊन कललं तशी केतकी खाली उतरली आणि सोसायटीमागच्या गवतात नाकतोडे शोधू लागली.