घर बाईचं असतं

“आमच्या गावात घर बाईचं असतं,” डेलफ्रेड म्हणाला. “शेत बाईच्या कुळाचं. मका पुरुष पिकवतो, पण उंबरठ्याच्या आत आला की तोही बाईचा. पुरुष लग्न करून तिच्या घरी येतो आणि ती ठेवेल तोवर राहतो. युरोपातले राजे अंघोळ करायला शिकले त्याच्या आधीपासून आम्हा होपी आदिवासींचं हे असं चाललंय.”

शेवटचं वाक्य त्याने स्वतः रचलेलं होतं. त्यावर त्याने गाव दाखवायला आणलेले पाहुणे नेहमी माना डोलावत. आजही डोलावल्या. त्या डोलणाऱ्या मानांच्या पलीकडे, चौकाच्या टोकाला, डेलफ्रेडला स्वतःचे बूट दिसले. ते घराबाहेर होते.

बुटांशेजारी त्याचं खोगीर होतं. त्याच्या बायकोने, व्हर्नाने, ते कधी आतल्या खोलीत येऊ दिलं नव्हतं, पण पुढच्या खोलीत निदान त्याला आसरा होता. खोगिराला टेकून झाडाच्या मुळांचं पोतं; त्या मुळांच्या तो बाहुल्या कोरायचा. व्हर्नाची एकही वस्तू त्यात नव्हती.

“पण समजा,” ओहायोहून आलेल्या शार्लटबाईंनी विचारलं, “बाईला नवरा नकोसा झाला तर?”

प्रश्न रोजचा होता. उत्तरही रोजचंच होतं.

“ती त्याचं सामान दाराबाहेर ठेवते,” डेलफ्रेड म्हणाला. “झालं. कोर्ट नाही, वकील नाही.”

“किती सुंदर!” शार्लटबाई म्हणाल्या. त्यांचे दोन घटस्फोट झाले होते, हे त्यांनी गाडीतून उतरतानाच सांगितलं होतं. “आणि नवरा काय करतो?”

“कारण विचारत नाही. वाद घालत नाही. सामान उचलतो आणि आईच्या घरी जातो. आई नसेल तर बहिणीच्या. गावाने पाहिलं की संपलं.”

इतकी वर्षं तो हे दुसऱ्यांच्या नवऱ्यांबद्दल सांगत आला होता.

पाहुण्यांना पठाराच्या कडेशी नेऊन त्याने खालची शेतं दाखवली. तोंड मक्याबद्दल बोलत होतं, डोकं सकाळबद्दल. पाण्याची टाकी भरून आण, असं व्हर्ना रविवारपासून सांगत होती. तो रविवारपासून बहिणीकडे बसून टीव्हीवर फुटबॉल बघत होता. आज सकाळी ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती म्हणाली, “राहू दे तू. शनिवारी सणाच्या नाचाला माझं सगळं कूळ जेवायला येणार आहे. त्याआधी घरातून काय काय बाहेर काढायचं, ते मी बघते.”

ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या बाईला उत्तर देता येतं.

चौकात परतले तेव्हा व्हर्ना दारात आली होती. तिने त्याचा रेडिओ खोगिरावर ठेवला, मनगटाने कपाळ पुसलं आणि आत गेली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. पांढऱ्या मक्याचं पीठ, डेलफ्रेडने ओळखलं. नवरी लग्नाआधी हाच मका दळत बसते. म्हणजे जुन्याचे बूट गार व्हायच्या आत नव्याची तयारी.

“अहो, ते बघा!” शार्लटबाईंचा हात सवयीने गळ्याशी गेला, पण गावात फोटोला बंदी म्हणून कॅमेरे सगळ्यांचे गाडीत ठेवायला लावलेले होते. “तुम्ही सांगितलंत तसंच! कुणाचं हो बिचाऱ्याचं?”

“माझं,” डेलफ्रेड म्हणाला.

एका गृहस्थांनी टोपी काढली. मग शार्लटबाईंनी, देवळात शिरावं तशा पावलांनी पुढे होऊन, बूट उचलले. “आम्हाला मदत करू द्या,” त्या म्हणाल्या. “आमच्यासाठी हा मान आहे.”

नको म्हणायची सोय राहिली नव्हती. कारण विचारायचं नाही, हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं. दोघांनी खोगीर घेतलं, एकाने पोतं. डेलफ्रेडने रेडिओ छातीशी धरला.

“डेलफ्रेड?” व्हर्ना दारात उभी होती. “अरे, हे काय चाललंय?”

पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून विचारतेय, त्याला वाटलं. बाई चांगलीच होती.

“पाणी उद्या आणून देतो,” तो मान खाली घालून म्हणाला आणि चालू लागला. व्हर्नाचे पांढरे हात हवेत तसेच राहिले.

वरच्या धाब्यावरून ग्लॅडिस म्हातारीने हाक मारली, “काय रे, वरात उलटी निघाली वाटतं? आणि एवढे वऱ्हाडी कुठून आणलेस?” बाकीच्या धाब्यांवर बायका गोळा झाल्या. गावाने पाहिलं. 

बहीण रोबर्टाने दार उघडलं आणि आधी खोगीर आत घेतलं, मग भावाला. पाहुणे तिला वाकून नमस्कार करून डोळे पुसत गेले.

“माझी कोरायची सुरी राहिली, ताई,” सामान लावताना तो म्हणाला. “मला आता त्या दारात जाता येणार नाही. तू आणशील?”

ती गेली. बराच वेळ आली नाही. आली ती रिकाम्या हातांनी, आणि येऊन स्टुलावर बसली.

“काय म्हणाली?”

“काही नाही. सगळ्या गावादेखत सोडून गेलास, म्हणाली. आता तुझं नावही त्या घरात काढायचं नाही म्हणे.”

“मी सोडून गेलो? आणि सुरी?”

“मागच्या दाराबाहेर आहे. तिची पेटी, तुमच्या पोरींच्या गाद्या, सगळं सामान तिकडे ठेवलंय, त्याच्यात.” रोबर्टाने बोटांना लागलेला पांढरा डाग परकराला पुसला. “शनिवारसाठी भिंतींना पांढरी माती लावतेय. अजून ओलीच आहे.”